झोपडीला सोळा टक्के, कारखान्याला साडेसात

अडचणीतल्या धंद्याला हात द्यायला महाराष्ट्र सरकार कधी मागं हटत नाही. फक्त धंदा मोठा पाहिजे. त्याला कंपाउंड पाहिजे, फाटकावर वॉचमन पाहिजे, उच्चदाबाचं कनेक्शन पाहिजे आणि मंत्रालयात साहेबाच्या केबिनपर्यंत पोचणारी उद्योजकांची संघटना पाहिजे. एवढं असलं की धंदा अडचणीत आहे हे सरकारला लगेच दिसतं. खर्डी-कसाऱ्याच्या रस्त्यावर भाड्याच्या गाळ्यात खुर्ची टाकून केस कापणारा पोरगा अडचणीत येतो तेव्हा त्याला सरकारकडून एकच कागद येतो. वीज तोडायची नोटीस.

उगाच शिव्या घालायच्या म्हणून हे लिहीत नाही. विजेच्या बिलाचा कागद समोर ठेवून लिहितो आहोत. आमच्या बापजाद्यांना पोथी वाचायची बंदी होती. ती बंदी बाबासाहेबांनी मोडली. आता सरकारी कागद वाचायची सवय लावून घेतली पाहिजे, कारण आजची मनुस्मृती संस्कृतात येत नाही. ती बिलावर बारीक टायपात छापून महिन्याच्या महिन्याला घरपोच येते.

महावितरणचं बिल काढा. त्यात स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वहन आकार आहे, इंधन समायोजन आकार आहे. हे पैसे वीज कंपनीच्या नावाचे. महिनाभर दिवा लावला नाही, कुलूप लावून सगळं कुटुंब वीटभट्टीवर गेलं, तरी स्थिर आकार काही चुकत नाही. ह्या सगळ्याची बेरीज झाली की खाली आणखी एक ओळ येते : वीज शुल्क. हा पैसा कंपनीचा नाही. हा सरकारचा कर आहे. कंपनी नुसती वसूल करते आणि सरकारी तिजोरीत भरते. विजेच्या वापरावर आणि विक्रीवर कर बसवायचा अधिकार घटनेनं राज्यांना दिलाय, सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५३ वी नोंद आहे. म्हणजे इथं दिल्लीकडं बोट दाखवून सुटायची सोय नाही. आधी १९५८ चा मुंबई वीज शुल्क कायदा होता. त्याच्या जागी २०१६ चा महाराष्ट्र वीज शुल्क कायदा आला. राज्य ह्या पक्षाचं आलं, त्या पक्षाचं गेलं, ही ओळ बिलावरून हलली नाही.

आता दर बघा. घरगुती वापराला १६ टक्के. दुकान-गाळ्याला, म्हणजे वाणिज्यिक वापराला २१ टक्के. आणि कारखान्याला? कारखान्याला ९.३ टक्के होतं. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात ते कमी करून ७.५ टक्के केलं. कारण काय, तर उद्योगांपुढे मंदी आहे, उद्योगाला दिलासा दिला पाहिजे.

साधा हिशेब करा, त्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बिलात आकारांची बेरीज हजार रुपये झाली, तर घरवाला सरकारला १६० रुपये देतो, गाळेवाला २१० देतो, कारखानदार ७५ देतो. गाळ्याचं दोन हजाराचं बिल असेल तर महिन्याला ४२० रुपये नुसतं शुल्क. तोच जर कारखाना मानला असता तर १५० भरले असते. फरक महिन्याला २७०, वर्षाला ३२४० रुपये. मंत्रालयातल्या माणसाला ही रक्कम हसण्यावारी न्यायची वाटेल. गाळ्यातल्या माणसाच्या पोराची वह्या-पुस्तकं, गणवेश आणि शाळेला जायचं भाडं ह्यात निघतं. शिवाय गाळेवाल्याच्या बिलात वीज विक्री कर वेगळाच, युनिटमागं पैशांत लावलेला. तो १९६३ च्या कायद्यानं बसवलाय.

वाणिज्यिक म्हणजे कोण हे सुद्धा नीट वाचा. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात ह्या वर्गाची यादी दिलेली असते. मॉल आहेत, हॉटेलं आहेत, थिएटरं आहेत, हे ठीक आहे. पण त्याच यादीत केशकर्तनालय आहे, लाँड्री आहे, शिंप्याचं दुकान आहे. न्हावी, परीट, शिंपी. वाचता वाचता वाटतं की आपण दरपत्रक वाचतोय की गावगाड्यातल्या बलुतेदारांची यादी वाचतोय. जुन्या गावात ह्यांना सुगीला बलुतं म्हणून चार पायल्या धान्य तरी मिळायचं. आता ह्यांनीच सरकारला २१ टक्के बलुतं घालायचं. आणि मॉलचा मालक आणि सलूनवाला ह्या एका ओळीत बसवले की समता झाली!

उंबरमाळी कुठं आहे हे मुंबईच्या वाचकाला सांगावं लागेल. कसारा लोकलनं निघालात की खर्डी सुटल्यावर आणि कसारा यायच्या आधी एक लहानसं स्टेशन लागतं, ते उंबरमाळी. शहापूर तालुका, ठाणे जिल्हा. नाशिककडं जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस इथून शिट्टी मारत निघून जातात. आजूबाजूला कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या, महादेव कोळ्यांच्या वाड्या, मधेच बौद्धवाडा. पावसावरचा भात. भात झोडून झाला की हाताला काम नाही. मग उचल घ्यायची आणि भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड हलवायचं.

ह्या मुलखानं मुंबईला काय काय दिलं? तानसा धरण १८९२ चं. मग वैतरणा, मग भातसा, मग मध्य वैतरणा. मुंबईच्या नळाला येणारं पाणी ह्याच डोंगरपट्ट्यातून जातं, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. हे पाण्याचं दुखणं वर्तमानपत्रात दर एप्रिल-मेला छापून येतं. विजेचं मात्र कुणी बोलत नाही. भातसा धरणावर १५ मेगावॉटचं वीजघर आहे. आणि तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत चोंढ्याला घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. रात्री विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपानं वर डोंगरावर चढवायचं, आणि शहरांना, कारखान्यांना वीज कमी पडायला लागली की तेच पाणी वरून सोडून वीज काढायची. २५० मेगावॉटचं हे काम २००८ पासून चालू आहे. म्हणजे डोंगर आमचा, पाणी आमचं, घाम आमचा. आणि बिलाच्या कागदावर आमची ओळख काय? घरगुती ग्राहक, शुल्क १६ टक्के.

रेल्वेचंच घ्या. उंबरमाळीवरनं जाणाऱ्या रुळांच्या डोक्यावर विजेची तार आली ती १९३० च्या सुमाराला. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस १९२९ मध्ये उभं राहिलं आणि कल्याण-इगतपुरीच्या गाड्या विजेवर धावायला लागल्या. ज्यांच्या बापांनी थळ घाटात रुळाखाली खडी टाकली त्यांच्या झोपडीत त्यानंतर किती पिढ्या रॉकेलची चिमणी जळली ते विचारू नका. पण मुद्दा वेगळा आहे. ह्या तारेतल्या विजेवर राज्य सरकारला कर घेता येत नाही. घटनेच्या २८७ व्या कलमानं रेल्वेची वीज करातून सोडवलीय. बरोबरच आहे. रेल्वे सगळ्यांची, तिच्यावर कर बसवला तर तिकिटाचा भार गरिबाच्याच डोक्यावर येणार. आमची त्याला हरकत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की सार्वजनिक हितासाठी विजेचा कर सोडता येतो हे कायद्याला चांगलं ठाऊक आहे. वर तारेला कर माफ, खाली रुळाशेजारच्या झोपडीला १६ टक्के. ही माफी दहा फूट खाली का उतरत नाही?

कारखान्यापर्यंत मात्र ती कधीच उतरलीय. १९६४ साली महाराष्ट्रानं उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना काढली. मागास भागात कारखाने जावेत हा हेतू. हेतू चांगलाच होता. तेव्हापासून ही योजना नाव-साल बदलून चालू आहे, २०१३ ची झाली, २०१९ ची झाली. ठरवून दिलेल्या भागात नवा कारखाना काढला की वर्षानुवर्षं वीज शुल्क माफ. २०१६ साली विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि डी, डी प्लस भागांतल्या उद्योगांना विजेच्या दरात सवलत द्यायचं ठरलं, वर्षाला १२०० कोटींची. यंत्रमागाला वेगळी सवलत. २०२० ला शुल्कच उतरवलं.

इथं कुणीतरी शहाणा म्हणेल, कारखाना बंद पडला तर तुमचीच पोरं बेकार होतील ना? खरं आहे. आम्ही कारखान्यांचे दुष्मन नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगाव-आटगावच्या पट्ट्यात आमचीच पोरं कंत्राटी पास गळ्यात घालून उभी असतात. भिवंडीच्या मागावर आमची माणसं बारा-बारा तास खडखडाट ऐकतात. उद्योगाच्या युनिटचा दर चढा ठेवून त्यातून शेतीपंपाची सवलत भागवतात, ही उद्योगवाल्यांची तक्रारही खोटी नाही. पण हा चढा दर गाळेवाल्यालाही लागतो. लघुदाबाच्या वाणिज्यिक ग्राहकाचा दर वरच्या पायरीवरच असतो. ओझं दोघांवर, उतारा मात्र एकालाच. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं सौर कृषिपंपांच्या योजनेसाठी युनिटमागं आणखी ९.९० पैसे वीज विक्री कर घ्यायचा निर्णय केला, तो उद्योगांवर आणि वाणिज्यिक ग्राहकांवर. उद्योजकांच्या संघटना ओरडल्या. सलूनवाल्याची संघटना कुठाय ओरडायला? आणि शेतकऱ्याला सवलत मिळू नये असं आम्ही कधीच म्हणणार नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत झाली, बरं झालं. पण पंप बसवायला विहीर लागते, विहिरीला जमीन लागते. भूमिहीनानं कुठं पंप बसवायचा? बापाच्या नावावर एक गुंठा नाही, त्यानं गाळा भाड्यानं घ्यायचा आणि जमीनवाल्याच्या पंपासाठी ९.९० पैसे मोजायचे. ही कुठली गंगा आणि ती कुठं चाललीय?

सवलत घेऊन कारखाना काय करतो हेही बघायला पाहिजे. शेजारच्या वाडा तालुक्याला डी प्लस दर्जा दिला. पोलादाचे कारखाने आले. सवलतीची वर्षं सरली तशी त्यातल्या कितीतरी फाटकांना टाळं लागलं. जमीन गेली ती गेलीच, वर स्थानिक पोरांच्या हातात राहिला तो सुटलेल्या नोकरीचा जुना पास. सवलत देताना सरकारनं मालकाला हे विचारलं का, की किती माणसं कायम करणार? आरक्षित समाजाची किती घेणार? सवलत संपल्यावर पळून गेलास तर माफ केलेलं शुल्क परत देणार का? आमच्या पोराला मात्र पाचशे रुपयांची थकबाकी असली तर सगळे प्रश्न विचारतात.

लॉकडाऊन आठवा. २४ मार्च २०२० ला चार तासांची मुदत देऊन देश बंद केला. आठवड्याच्या आत, ३० मार्चला, वीज नियामक आयोगानं औद्योगिक आणि वाणिज्यिक ग्राहकांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढं ढकलला. माफ नाही हं, पुढं ढकलला. मोठ्या कारखान्याच्या हातात तेवढी रोकड राहिली, त्याला श्वास मिळाला. गाळेवाल्याचं दुकान तीन महिने बंद. पुढं ढकललेला आकार पुढं भरायचाच होता, पण मधल्या काळात कमाई शून्य. आणि घरांचं काय? मीटरचं रीडिंग थांबलं, सरासरीची बिलं धाडली, जूनमध्ये एकदम हिशेब करून हजारोंचे आकडे हातात दिले. राज्यभर बोंब झाली. दिलासा देऊ, दिलासा देऊ असं महिने न महिने सांगितलं. नोव्हेंबर २०२० मध्ये ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगून टाकलं, सवलत मिळणार नाही, वापरलेल्या विजेचे पैसे भरावे लागतील. नितीन राऊत हे आपल्यातले, नागपूरचे, जयभीम म्हणणारे. माणसाबद्दल आमचा राग नाही. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून खुर्ची आपली होत नाही, एवढं ह्यातून शिकलं पाहिजे. पुढं वीज तोडायची मोहीम निघाली. २ मार्च २०२१ ला विधानसभेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी तोडणीला स्थगिती दिली. १० मार्चला, अधिवेशन आटोपत आलं तशी स्थगिती उठवली. आठ दिवसांचा उजेड!

आपल्यासाठी काहीच नाही असं म्हटलं तर अधिकारी लगेच योजनांची यादी वाचून दाखवतात. १४ एप्रिल २०२१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना काढली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना वीजजोडणी, अनामत ५०० रुपये, तीही पाच हप्त्यांत. अट अशी, की अर्जदाराकडं आधीची थकबाकी नको. अहो, ज्याची वीज थकबाकीपायी तुटली तोच तर अंधारात बसलाय! दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वस्त दर आहे, पण महिन्याला ३० युनिटच्या आत राहायचं. एक पंखा, एक बल्ब, एक टीव्ही. पोरगी अभ्यासाला रात्री उशिरापर्यंत बसली की युनिट वाढलं, युनिट वाढलं की सवलत जाते. आणि २०२२ ची अभय योजना, तोडलेल्या ग्राहकांचं व्याज आणि दंड माफ करणारी, तिच्यातही मूळ रक्कम भरल्याशिवाय दिवा लागत नव्हता. योजनेला नाव बाबासाहेबांचं द्यायचं आणि अटी सावकाराच्या घालायच्या, हा धंदा आता पुरे.

बाबासाहेबांचं नाव विजेशी जोडायचंच असेल तर ते खऱ्या ठिकाणी जोडा. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्या खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ ला युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढं ते बोलले. त्यांचा मुद्दा सरळ होता. ह्या देशातल्या दारिद्र्याचं चक्र शेतीच्या तुकड्यावर तुटणार नाही, त्याला उद्योग पाहिजेत, आणि उद्योगाला स्वस्त आणि मुबलक वीज पाहिजे. वीज खाजगी मालकाच्या नफ्यासाठी असावी की राज्याच्या ताब्यात, हा सवालही त्यांनी त्याच भाषणात टेबलावर ठेवला. त्यांच्याच काळात, १९४४ ला, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. १९४७ साली राज्ये आणि अल्पसंख्याक ह्या मसुद्यात त्यांनी मोक्याचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं लिहून ठेवलं. कारखानदाराला सूट मिळावी म्हणून त्यांनी स्वस्त वीज मागितली नव्हती. माणूस जातीच्या धंद्यातून आणि जमिनीच्या गुलामीतून सुटावा म्हणून मागितली होती. गाव सोडून हमरस्त्यावर भाड्यानं गाळा घेऊन वेल्डिंगचं मशीन लावणारा, शिलाईचं मशीन लावणारी, संगणक मांडून अर्ज भरून देणारा, हीच ती सुटू बघणारी माणसं. सरकार नेमकं त्यांच्याच पायात २१ टक्क्यांची बेडी घालतंय.

दोस्तांनो, हा नुसता बौद्धवाड्याचा प्रश्न नाही. पँथरनं १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण ते सांगितलं होतं. अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, बाया, जे जे पिळले जातात ते सगळे. कातकऱ्याच्या झोपडीचं बिल आणि न्हाव्याच्या गाळ्याचं बिल एकत्र घेऊन बसलो तरच ही ताकद उभी राहील. जातीच्या सभा वेगवेगळ्या भरवून १६ टक्के कमी होत नाहीत.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत.

एक, महिन्याला १०० युनिटपर्यंतच्या घरगुती वापराचं वीज शुल्क शून्य करा. दोन, लहान गाळ्यांचा वाणिज्यिक वर्गात वेगळा गट करा, मॉलच्या पंगतीत त्यांना बसवू नका, आणि त्यांचं शुल्क कारखान्यापेक्षा एक पैसाही जास्त ठेवू नका. तीन, शुल्कमाफी घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याचं नाव, माफ केलेली रक्कम आणि कायम केलेल्या कामगारांचा आकडा दरवर्षी तहसील कचेरीत फळ्यावर लावा, आणि पळून जाणाऱ्याकडून माफी वसूल करा. चार, जोडणीच्या योजनेतली थकबाकीची अट काढा. अधिसूचना काढून शुल्कात सूट द्यायचा अधिकार सरकारला कायद्यानंच आहे. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. एक सही लागते. मार्च २०२० ला ती सही सापडली होती, आताही सापडेल.

सही मिळेपर्यंत हात बांधून बसायचं का? नाही. वाडीवाडीत बिलं गोळा करा, वाचा, वाचून दाखवा. २००३ च्या वीज कायद्याचं ५६ वं कलम पाठ करा. थकबाकीपायी वीज तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. लाइनमन शिडी घेऊन आला आणि नोटीस नसेल तर शांतपणे कागद मागा. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी मधल्या काळात बिलांवर सतत दाखवली नसेल तर ती वसूल करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. चुकीच्या बिलाची तक्रार तोंडी करू नका, लेखी करा, पोच घ्या, ऐकलं नाही तर कल्याणच्या ग्राहक तक्रार निवारण मंचात जा. आकडा टाकू नका. आकडा टाकला की १३५ वं कलम लागतं, पोलीस येतात, आणि सरकारला आपल्याला चोर म्हणायची आयती संधी मिळते. चोर कोण ते बिलाच्या कागदावर छापलेलंच आहे, आपण ते चारचौघांत वाचून दाखवायचं आहे.

पहिलं वाचन उंबरमाळीपासून सुरू करा. नंतर खर्डी, आटगाव, आसनगाव, शहापूर, मुरबाड. प्रत्येक ठिकाणी तीन बिलं शेजारी शेजारी ठेवा, घराचं, गाळ्याचं आणि कारखान्याचं. वीज शुल्काच्या ओळीवर बोट ठेवा आणि लोकांना एवढंच विचारा, आपल्यात श्रीमंत कोण?

जय भीम!